बशीत वाढलेलं माझं रक्त

गणपती गेले आणि परकराची नाडी मला टोचायला लागली. मी गाठ नेहमी डाव्या बाजूला मारते. ती उजवीकडे घेतली आणि विसरून गेले. मग जेवण कमी झालं. दोन घास खाल्ले की पोट तुडुंब भरल्यासारखं वाटायचं. सासूबाई हसून म्हणाल्या, "अश्विनीला भाऊ येतोय वाटतं." मलाही तसंच वाटलं. अश्विनी, माझी मुलगी, तेव्हा तीन वर्षांची होती. दुसऱ्याचा विचार आमच्या मनात होताच.

आम्ही नाहूरला राहायचो. माझे यजमान सुधाकर मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होते, मी भांडुपच्या रेशनिंग ऑफिसात कारकून. दिवसभर काउंटरवर भांडणं ऐकायची, संध्याकाळी घरी येऊन कुकर लावायचा. मी कधी आजारी पडत नसे.

नाहूरच्या आमच्या डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं. डाव्या बरगडीखाली हात ठेवून ते म्हणाले, "श्वास घ्या." मग हात थोडा खाली नेला. पुन्हा, "श्वास घ्या." हात आणखी खाली. असं करत ते बेंबीजवळ आले.

"इथे दुखतं?"

"दुखत नाही. जड वाटतं."

त्यांनी हात धुतले, खूप वेळ धुतले, आणि टॉवेलला पुसत म्हणाले, "दिवस नाहीत हे. प्लीहा वाढलीय. मलेरियानेही वाढते. रक्त तपासून घेऊ."

मुलुंडच्या लॅबवाल्याने दुसऱ्या दिवशी मला परत बोलावलं. मोजण्यात काहीतरी गडबड झाली असेल, पुन्हा रक्त द्या, म्हणाला. मी दिलं. संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला गेले तर तो मला द्यायला तयार होईना. "डॉक्टरांना मी स्वतः नेऊन देतो," म्हणाला. माझ्याकडे न बघता तो बाटल्या पुसत होता. 

*

मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही दोघं गेलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आधीच्या खेपेला कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून आतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, काढला होता, त्याचा निकाल त्या दिवशी सांगणार होते. आवाज अगदी साधा. वाणी भाव सांगतो तसा.

"आत्ता तुम्हाला काय त्रास होतो?"

"विशेष नाही. थकायला होतं."

"हा रक्ताचा कॅन्सर आहे," ते म्हणाले. "पण लोकांना जो माहीत असतो, झटपट नेणारा, तो नाही. हा सावकाश चालतो. गोळ्या दिल्या की पांढऱ्या पेशी खाली येतील, प्लीहा आत जाईल, तुम्ही ऑफिसला जायला लागाल. सगळ्यांना वाटेल की बरं झालं."

सुधाकर पुढे सरकले. "मग चांगलंच आहे ना साहेब?"

"काही काळ चांगलं आहे. मग तो उलटतो."

"उलटतो म्हणजे?"

"झटपट नेणारा होतो. तेव्हा या गोळ्यांचं काही चालत नाही."

"कधी?"

"कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा. आधी सांगता येत नाही. पण उलटतो."

मी टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत होते. त्यात एक हिरवा बुडबुडा होता. या माणसाने आता गप्प बसावं, एवढंच मनात आलं.

बाहेर येऊन आम्ही फुटपाथवर उभ्याने नारळपाणी प्यालो. सुधाकरांनी नारळ फोडून मलई मागितली, नारळवाल्याने दिली, ती त्यांनी माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "घरी काय सांगायचं?"

"रक्त कमी आहे, सांगू."

खरं तर उलट होतं. रक्त वाढतच चाललं होतं, थांबायचं नाव घेत नव्हतं. पण 'रक्त कमी आहे' हे सगळ्यांना समजतं. लोक बीट आणि डाळिंब घेऊन येतात आणि प्रश्न विचारत नाहीत.

*

गोळ्या लागू पडल्या. तीच मला सर्वांत भीतीची गोष्ट वाटायची. महिन्याभरात जडपणा गेला, भूक लागायला लागली. थंडीत मी शेजारणींबरोबर तिळाचे लाडू वळले. ऑफिसात बायका म्हणायच्या, "तब्येत मस्त झालीय गं तुझी, काय खातेस?" मी हसायचे. आरशात बघितलं की चांगली दिसायचे. आणि तेच डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, शब्दाशब्दाने. चांगलं वाटणं म्हणजे त्यांचा पहिला अर्धा भाग खरा होत होता. मग दुसरा अर्धाही होणार.

सुधाकर मला काम करू देत नसत, मग आमची भांडणं व्हायची. मी पाण्याची बादली उचलली की ते धावत यायचे. "ठेव ती खाली." मी म्हणायचे, "आत्ता उचलू दे, पुढे तुम्हालाच उचलायचीय." एकदा असं बोलले आणि ते बादली तशीच टाकून गॅलरीत जाऊन उभे राहिले. सासूबाईंना तोपर्यंत कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, नवरा-बायकोचं बिनसलंय.

महिन्यातून एकदा रक्त दाखवायला हॉस्पिटलात जावं लागे. तिथल्या बाकावर मला अरविंद भेटला. मालाडचा पोरगा, टीव्ही दुरुस्तीचं दुकान, स्कूटरवरून यायचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "ताई, तुमचा कुठला? सावकाशवाला?"

"हो."

"माझापण. झकास. आपल्याला घाई नाही."

तो सगळ्यांशी असाच बोलायचा. नर्सचा ट्रान्झिस्टर त्याने दुरुस्त करून दिला होता. मगज बदलण्याच्या उपचाराबद्दल मला पहिल्यांदा त्यानेच सांगितलं. "आपल्याकडे आता करायला लागलेत. आपला सगळा मगज जाळून टाकायचा आणि सख्ख्या भावाबहिणीचा घालायचा. पण जुळायला लागतो. माझ्या दोघी बहिणींचं रक्त तपासलं, एकीचं पण नाही जुळलं. तुम्हाला आहे कोण सख्खं?"

"एक भाऊ आहे. कांदिवलीला."

"मग विचारा ना डॉक्टरांना. बसून काय राहताय, यार."

मी विचारलं नाही. विचारलं तर काहीतरी करावं लागलं असतं.

*

उन्हाळ्यात मगज पुन्हा तपासायचा होता. त्या दिवशी एक बाई आल्या, पांढरा कोट, केसांचा घट्ट अंबाडा. त्या औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, संशोधन करणाऱ्या होत्या. नाव डॉ. वसुधा. म्हणाल्या, "मला थोडा जास्त मगज हवाय. याचा तुम्हाला काही फायदा होणार नाही, आधीच सांगते. नाही म्हणालात तरी चालेल."

इतकं सरळ मला त्या इमारतीत कुणी बोललं नव्हतं. मी हो म्हटलं. त्याच सकाळी अरविंदनेही दिला. आम्हा दोघांशिवाय त्या दिवशी कुणी दिला नाही, डॉ. वसुधांनीच तसं सांगितलं.

सुई टोचण्याचं दुखणं सहन होतं. मगज ओढून घेतात तेव्हा मात्र कुणीतरी पायाच्या आतून दोरी खेचतंय असं वाटतं. ते झाल्यावर मी पालथी पडल्या पडल्या विचारलं, "त्याचं काय करता?"

"बशीत वाढवते."

"मला बघायला मिळेल?"

त्या थबकल्या. "कुणी विचारत नाही. या, पंधरा-एक दिवसांनी."

मी गेले. छोटी खोली, एका कोपऱ्यात कपाटासारखी पेटी. आत अंगाइतकी ऊब, म्हणाल्या. त्यातून त्यांनी झाकणाची एक लहान बशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी डोळा लावला. पातळ जेलीसारख्या थरात ठिपक्यांचे पुंजके होते. गोल, दाट, कडा पसरत गेलेल्या. रांगोळीच्या ठिपक्यांवर कुणी फुंकर मारावी तसे.

"एकेक पुंजका म्हणजे एकाच पेशीची सगळी प्रजा," त्या म्हणाल्या.

"छान दिसतात."

"हो. दिसतात." मग म्हणाल्या, "निरोगी माणसाच्या बशीत इतके नसतात."

मी विचारलं, यातली आजारी पेशी कुठली. त्यांनी स्टूल ओढलं आणि मला समजावून सांगितलं. आपल्या मगजात थोड्याशाच मूळ पेशी असतात. सगळं रक्त त्यांच्यापासून तयार होतं, जन्मभर. माझ्या त्यांतल्या कुठल्यातरी एकीचं बिघडलं होतं. तिच्या आतल्या एका गुणसूत्राचा तुकडा मोडून भलत्या ठिकाणी बसला होता. ती आणि तिची पोरंबाळं आता बाकीच्यांना जागा देत नव्हती.

"मग तिला शोधून मारा ना."

"तिचा चेहरा वेगळा नाही. चांगल्या मूळ पेशीसारखीच दिसते, आणि इतर शंभर पेशीही तशाच दिसतात. पोरं झाली की मागाहून कळतं की ती होती."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या पोरांना मारतात. ती बसून राहते."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, बरं वाटलं. इतके महिने मी कशाला घाबरतेय ते मला माहीत नव्हतं. आता निदान कळलं.

त्यांनी माझी बशी काढून दुसरी ठेवली. डोळा लावला आणि त्या बोलायच्या थांबल्या. बशी फिरवली. पेटीतून आणखी एक काढली, ती बघितली. परत पहिली. मी विचारलं, "मी बघू?" त्या विचारात होत्या, नकळत बाजूला झाल्या.

इथे पुंजके नव्हते. सगळीकडे सुटे ठिपके विखुरलेले, कुठे दोन-चार जवळ आलेले, पण काही धड तयार होत नव्हतं.

"हे माझ्यासारखं नाही."

"नाही."

"हे बरं की वाईट?"

त्यांनी बशी काढली, झाकण लावलं. "हे दुसऱ्याचं आहे. मी तुम्हाला दाखवायला नको होतं. तुम्ही आता जा."

बाहेर बाकावर अरविंद बसला होता, कागदाच्या पुडीतून चणे खात. "काय ताई, शेती कशी आहे? पीक आलं?"

"आलं."

"माझं बघितलं का?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरं माझ्याकडे पुरतं नव्हतं. मी म्हटलं, "ते डॉक्टरीणबाईंनाच विचार."

तो चावायचा थांबला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग पुडीचं टोक पिळून ती खिशात ठेवत म्हणाला, "मला तर एकदम बरं वाटतंय."

काही आठवड्यांनी त्याला ताप आला. मग हिरड्यांतून रक्त. त्याचा उलटला होता. मी वॉर्डात भेटायला गेले तेव्हा त्याची मोठी बहीण उशाशी बसली होती. तो मला म्हणाला, "ताई, भावाला विचारलंत का?" त्याच्या ओठांवर काळे डाग होते. मी म्हटलं, विचारते. पुढच्या महिन्यात बाकावर त्याची जागा रिकामी होती आणि नर्सने मान हलवली.

*

त्याच आठवड्यात मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं. भावाचं रक्त तपासलं. जुळलं.

"जुळलं ही चांगली बातमी," डॉक्टर म्हणाले. "आता वाईट ऐका. हे करायचं तर तुम्ही धडधाकट असताना. उलटल्यावर उपयोग फार थोडा. आणि यात माणूस दगावतो. आजाराने नाही, उपचाराने. आज चालत आलात, कदाचित महिन्याने नसाल. शिवाय यानंतर मूल होणार नाही."

सुधाकर म्हणाले, "आम्हाला एक आहे." तेवढंच. 

माझा भाऊ विलास माझ्याहून पाच वर्षांनी लहान. वडील गिरणीत होते, ते गेले. संपात गिरणीही गेली. विलास मालाडला शटर बनवणाऱ्या वर्कशॉपात लागला. कांदिवलीचं घर, आई, सगळं त्याच्यावर. मी आईला खरं सांगायला गेले तेव्हा ती मासे साफ करत होती. आई आयुष्यभर मुंबईत राहिली तरी बोलली मालवणीच.

"तुका काय झाला ता माका सरळ सांग," ती म्हणाली. "रक्त कमी, रक्त कमी करून वरीस झाला."

मी सांगितलं. विलास दारात उभा होता. तो लगेच म्हणाला, "त्यात काय, ताई. घे की. कधी यायचं बोल."

आईने सुरी खाली ठेवली. "तू गप रव." मग माझ्याकडे वळली. "ह्येच्या हाडात सुये घालतले? किती?"

"बऱ्याच. पण भूल देऊन. त्याचा मगज परत भरून येतो, आई."

"भुलेतसून उठलो नाय तर?"

मी तिच्या पुढ्यातले मासे जरा बाजूला सरकवले.

"एकाक वाचवूक दुसऱ्याक सुयेखाली घालू मी?" तिचा आवाज चढला नव्हता. माझा नवरा, माझी मुलगी तिने बोटांवर मोजली. "तुका घोव आसा, चेडू आसा. माझ्याकडे ह्यो एकच."

विलास म्हणाला, "आई, ताई काय परकी आहे काय?"

"परकी म्हणूक नाय मी. दोघां माझीच. म्हणानच इचारतंय."

मी चहा न घेता निघाले. रागावले नव्हते. आईच्या जागी मी असते तर काय म्हटलं असतं, याचा विचार करत बसस्टॉपवर उभी राहिले आणि दोन बस सोडल्या. मला राग यायला हवा होता, म्हणजे सोपं झालं असतं.

दोन-तीन आठवडे काही निरोप नाही. मग एका सकाळी हॉस्पिटलच्या बाकावर आई बसलेली दिसली, नऊवारीत, शेजारी विलास. मला न सांगता आले होते. आई मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच विचारलं, "डॉक्टरसाहेब, ह्यो माझो झील. ह्यो आपल्या पायांनी घराक येतलो काय?"

डॉक्टर मराठी, त्यांना कळलं. "आई, भूल आहे, थोडा धोका असतोच. पण येईल. मी त्याला स्वतः बघेन."

"आणि ही?" माझ्याकडे न बघता तिने बोट केलं.

डॉक्टर म्हणाले, "हिचं मी सांगू शकत नाही."

आईने पदर सावरला. मग विलासला म्हणाली, "जा तू." आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. त्यानंतर तिने मला या विषयावर कधी एक अक्षर विचारलं नाही. माझ्या दाखल व्हायच्या आदल्या दिवशी मात्र नाहूरला बॅग घेऊन आली आणि सासूबाईंना म्हणाली, "अश्विनीक मी बघतंय."

*

काचेच्या खोलीबद्दल लोक मला फार विचारतात. खोली लहान होती. एका भिंतीत काच, पलीकडे माणसं, मध्ये बोलायला फोन. आत येणारी प्रत्येक गोष्ट उकळून किंवा भाजून आलेली. पोळीही जळकट लागायची. आधी औषधांनी आणि किरणांनी माझा मगज मारला. चार दिवस मी उलट्यांशिवाय काही केलं नाही. मग एका दुपारी विलासला खाली ऑपरेशन थिएटरात नेलं आणि संध्याकाळपूर्वी त्याचा मगज माझ्या खोलीत आला. मला वाटलं होतं, काही वेगळं दिसेल. साधी रक्ताची पिशवी होती, जरा दाट. हाताच्या शिरेतून ती हळूहळू आत गेली. "हाडात घालत नाही?" मी विचारलं. नर्स म्हणाली, "त्या पेशींना वाट माहीत असते. बरोबर हाडात जाऊन बसतात."

दुसऱ्या दिवशी विलास काचेपलीकडे आला, कमरेवर हात ठेवून, म्हाताऱ्यासारखा वाकून. फोन उचलला. "ताई, वाट लागली माझी. पायऱ्या उतरता येत नाहीत." मग मागे वळून आईला खूण केली. आई त्याच्या पायांकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

त्यानंतर वाट बघायची होती. माझं रक्त गेलं होतं आणि विलासचं आलं नव्हतं. या मधल्या दिवसांबद्दल पुस्तकात काही लिहिलेलं नसतं, म्हणून लिहिते. तोंडात इतके फोड आले की थुंकी गिळता येत नव्हती. ताप यायचा, अंग थरथरायचं. रोज सकाळी रक्त घेऊन जायचे आणि दुपारी डॉक्टर येऊन म्हणायचे, "अजून नाही." रोज तेच दोन शब्द. मला वाटायला लागलं की विलासच्या पेशी वाट चुकल्या. कुणीतरी मला असं आधी सांगितलं असतं की यात देवाचं नाव घ्यावंसं वाटतंच असं नाही, नवऱ्याचा आवाजही नकोसा होतो, मुलीचं चित्र बघून काही वाटत नाही, आणि याने तुम्ही वाईट बाई ठरत नाही, तर बरं झालं असतं. सुधाकर काचेपलीकडून बोलायचे आणि मी डोळे मिटून पडायचे. ते फोन ठेवत नसत. त्यांच्या श्वासाचा आवाज यायचा. तेवढा मला चालायचा.

एका दुपारी डॉक्टर आत आले आणि बोलले नाहीत, हसले. पेशी उगवायला लागल्या होत्या.

मग त्या पेशींनी मला परकं ठरवलं. तळहात लाल झाले, तळव्यांची कातडी सालीसारखी निघाली, जुलाब थांबेनात. विलासच्या रक्ताला माझं शरीर ओळखीचं वाटत नव्हतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मी खरोखर जवळजवळ गेले होते. मला त्यातलं फार आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एका सकाळी पेजेत मिठाची चव लागली. कितीतरी दिवसांनी. मी नर्सला म्हटलं, "यात मीठ आहे." ती म्हणाली, "रोजच असतं."

*

घरी आले तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि अश्विनी माझ्याजवळ यायला तयार नव्हती. आईच्या पदराआडून बघायची. कित्येक महिने मी एकाच खोलीत होते, वेगळी भांडी, तोंडाला फडकं. शेजारच्या बायका दारातूनच बोलायच्या. काहींना वाटायचं, मलाच काहीतरी लागण आहे. खरं तर त्यांच्या साध्या पडशाने मी मेले असते.

पुढे तपासणीला गेले तेव्हा डॉ. वसुधांनी मला बोलावून घेतलं आणि सूक्ष्मदर्शकातून काढलेला एक फोटो दाखवला. फुटलेल्या पेशीतली गुणसूत्रं, काळ्या आखूड काड्यांसारखी. एका बारक्या काडीवर त्यांनी टोकदार पेन्सिल धरली. "ही फक्त पुरुषात असते."

"हे माझं रक्त?"

"तुमचंच. पेशी भावाच्या. सगळ्या."

विलासला सांगितलं तर तो हसत सुटला. "म्हणजे भाऊबीजेला ओवाळायचं कुणी कुणाला?" आईलाही हसू आलं. त्या दिवाळीत मी त्याला ओवाळलं तेव्हा तो मान खाली घालून बसला होता, आणि तेव्हा कुणीच हसलं नाही.

केस आले, कुरळे आले. मी ऑफिसात परत गेले. सुधाकर बादल्या उचलू द्यायला लागले. तेवढ्यात, एका साध्या तपासणीनंतर, डॉ. वसुधांनी मला पुन्हा त्या खोलीत बोलावलं. या वेळी त्यांनी स्टूल आधीच ओढून ठेवलं होतं.

"दोन पेशी बाईच्या मिळाल्या," त्या म्हणाल्या.

"माझ्या?"

"हो. आणि दोन्हींवर तो मोडका तुकडा आहे."

मी विचारलं, "ती बसून राहिली होती?"

"असेल. किंवा तिची शेवटची पोरं असतील, मरायला टेकलेली. कधीकधी अशा दिसतात आणि भावाच्या पेशी त्यांना खाऊन टाकतात. कधीकधी नाही खात. तीन महिन्यांनी परत बघू."

ते तीन महिने मी कसे काढले ते सांगता येत नाही. मी रोज ऑफिसला गेले, रोज जेवले. कुणी म्हटलं, "छान दिसतेस," की मला अरविंद आठवायचा. नखाजवळ जरा रक्त आलं की घरातले सगळे माझ्या बोटाकडे बघायचे. विलास दर रविवारी यायचा आणि अश्विनीला घेऊन बाहेर जायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, परत लागलं तर परत घे." आई ते ऐकत होती. ती उठून आत गेली नाही.

निकालाच्या दिवशी सुधाकरांना बाहेर बसवून मी एकटीच आत गेले. डॉ. वसुधांचे डोळे लाल होते. त्या सकाळपासून काचा बघत होत्या.

"सापडल्या नाहीत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे नाहीत?"

"मी नाहीत म्हणत नाही. मी शोधल्या, मला सापडल्या नाहीत. यापुढे मला बोलता येणार नाही. तुम्हाला खोटं सांगायचं नाही." मग चष्मा काढून म्हणाल्या, "पण मी खूप शोधल्या हो."

घरी आलो तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. पान वाढलेलं होतं. सुधाकर दारातच चपला काढत उभे राहिले, मीच आत जाऊन सांगितलं. डॉक्टरीणबाई बरी झालीस म्हणाल्या नाहीत, तेही सांगितलं. त्यांना फक्त सापडल्या नाहीत.

आईने भातावर आमटी वाढली. "गावले नाय म्हणान सांगल्यांनी ना?"

"हो."

"मगे झाला तर. जेवूक बस, भात निवता."

मी बसले. ती समोर पाट ओढून बसली आणि मी किती घास घेते ते बघत राहिली.